कुबलमामा आणि चौदा नंबरची टाकी

जुगाराची बोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय येत असेल, देव जाणे. माझ्या डोळ्यांसमोर येतो तो निळ्या बॉयलर सूटमधला एक लुकडा म्हातारा. डोक्याला पंचा गुंडाळलेला आणि हेल्मेट त्या पंच्यावर. सेफ्टीवाल्यांनी कितीदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ. हे आमचे कुबलमामा. मालवणकडचे, आणि दुबईजवळ जबल अलीच्या आमच्या यार्डात बोटींच्या लोखंडी कामाचे फोरमन. मी त्याच यार्डाच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायची. कार्डावर 'ड्राफ्ट्समन' छापलं होतं, बाई असून. बदलून द्या म्हणून दोनदा अर्ज केला, मग नाद सोडला.

दोन हजार सालाच्या आगेमागे ती बोट आमच्याकडे आली. लांबच्या एका देशात, नदीकाठच्या शहरात असा कायदा होता म्हणे, की जुगार जमिनीवर खेळायचा नाही, पाण्यावर खेळलात तर चालेल. मग तिथल्या एका हॉटेलवाल्याने डोकं चालवलं. हॉटेलला खेटून नदीत एक बोट कायमची उभी करायची आणि हॉटेलातून थेट बोटीत जायचा रस्ता काढायचा. कायदाही खूश, गिऱ्हाईकही खूश. आम्ही जिथे ती बांधत होतो तिथे जुगाराचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. त्यामुळे माझ्या सगळ्या ड्रॉइंगवर 'फ्लोटिंग एंटरटेनमेंट' असं लिहिलेलं असायचं. यार्डातले कामगार तिला नुसतं 'हॉटेल' म्हणायचे.

बोट कसली, सपाट बुडाचा लोखंडी तराफाच तो. त्याच्या पोटात आडव्याउभ्या भिंती घालून चोवीस बंद टाक्या केलेल्या. एखाददुसरी फुटली तरी बाकीच्या तिला तरंगत ठेवतात. त्यावर तीन मजले, खिडकी एकालाही नाही, आणि घड्याळ कुठेही लावायचं नाही अशी सक्त ताकीद. वर दोन धुराडी, दोन्ही खोटी. मागे भलंमोठं चाक, ते विजेच्या मोटारीवर शोभेला फिरणार. इंजिन नाहीच. नदीत चार जाड खांब रोवायचे आणि बोटीच्या कडेच्या लोखंडी कड्या त्या खांबांत अडकवायच्या. पाणी चढलं की बोट वर, उतरलं की खाली, पण बाजूला तसूभर हलणार नाही.

"चाक आसा, पण जावचा खय नाय," मामा म्हणायचे. "मगे हिका बोट कित्याक म्हणतत गो बाय?"

मला ते पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणत. पहिला दिवस काही गोड नव्हता हं. हॉटेल आणि बोट जोडणाऱ्या कॉरिडॉरचं ड्रॉइंग मी आठवडाभर खपून काढलं होतं. मामा ऑफिसात आले, टेबलावर वाकले, बोटाने ती जोडाची रेघ चाचपली आणि म्हणाले, "हय माणूस पडतलो."

मी फणकारले. म्हटलं, "मामा, हॉटेलच्या बाजूला बिजागरी आहे, बोटीच्या बाजूला रूळ आहेत. बोट वरखाली झाली तरी कॉरिडॉर आपोआप तिरका होतो. खालून पाण्याच्या नि विजेच्या लवचिक नळ्या जातात. कोण कसा पडेल?"

"हॉटेल आपल्या जाग्यार रवतला. बोट पाण्याचा ऐकतली. मधल्या तुकड्याक दोघांचा ऐकूक होया," ते म्हणाले आणि खिशातून खडू काढून माझ्या स्वच्छ कागदावर, हो, कागदावर, एक पट्टी आखली. नदी अगदी खाली गेली की कॉरिडॉरच्या टोकाशी बोटभर फट पडत होती, आणि मला ती दिसलीच नव्हती. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण फट खरी होती. त्या दिवसापासून मी जोडाचं एकही ड्रॉइंग त्यांना दाखवल्याशिवाय पुढे पाठवलं नाही.

त्या कॉरिडॉरची चाचणी आम्ही यार्डातच घेतली. बोट धक्क्याला लागलेली, आणि तिच्यापासून जमिनीकडे चाळीस फुटांचा कॉरिडॉर वाळूवर उभा. आत गालिचा, भिंतीला पितळी दिवे, एसी चालू. जमिनीकडच्या टोकाला दार, पण दारामागे हॉटेल नाही, नुसती वाळू आणि गंजलेले पाईप. तुम्ही भर दुपारी रखरखीत उन्हातून ते दार उघडून आत शिरायचं, दार मागे लागलं की सगळे आवाज खलास. ना ग्राइंडर, ना हातोडे. मला तिथे दोन मिनिटांच्या वर थांबवत नसे. एकदा मधोमध उभी होते आणि बोट कुठल्या टोकाला नि जमीन कुठल्या टोकाला हेच कळेना.  दोन्ही दारं सारखीच होती ना.

हॉटेलवाल्यांची एक गोरी बाई पाहायला आली होती. काठोकाठ भरलेला कॉफीचा कप घेऊन ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, कॉफी हिंदकळली नाही. बाई खूश. त्यांना तेच हवं होतं. माणूस खोलीतून निघाला की जमीन कधी संपली हे त्याला कळता कामा नये. मामांनी बूट काढले, मोजे काढले, डोळे मिटले आणि ते त्या गालिच्यावरून अनवाणी चालू लागले. बरोब्बर जोडावर येऊन थांबले. परत फिरले, पुन्हा चालले, पुन्हा तिथेच थांबले. बाई हसली. आमचे पाहुणे बूट घालून येतील, म्हणाली. मी मामांना ते मराठीत सांगितलं.

"माणूस जमिनीवरसून पाण्यार गेलो, ता तेका कळाक होया," मामा म्हणाले. "आमच्याकडे होडयेत पाय ठेवच्या आधी हात लावन नमस्कार करतत, ता काय उगीच? कळला नाय तर तो परत कसो येतलो?"

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. काय सांगणार, कपाळ?

आता मामांची ती खरी गोष्ट सांगते, जिच्यामुळे अर्धं यार्ड त्यांना टरकून असायचं. टाकीचं काम संपलं, आतला रंग वाळला, की तिच्या भोकावर लोखंडी झाकण ठेवून चोवीस नट आवळायचे. झाकण लावण्याआधी मामा एकटे आत उतरायचे. सोबतचा दिवा बाहेर द्यायचे आणि त्या काळ्याकुट्ट पोकळीत पाच मिनिटं नुसते बसायचे. मग वर यायचे, "रिकामी आसा" म्हणायचे, आणि मगच झाकण. कोणी म्हणायचं म्हातारा जप करतो, कोणी म्हणायचं बिडी ओढतो. मी एकदा विचारलं, "मामा, आत काय करता हो?"

"आयकतंय."

"काय?"

"कोण श्वास घेता काय ता."

मला हसूच आलं. "मग? घेतं का कोणी?"

"रोज," ते म्हणाले. अगदी साधेपणाने, चहात साखर आहे का विचारल्यावर सांगावं तसं. "रोज आयकाक येता. डॉक्टर म्हणता कानाचा आसा. मी आपला आयकून घेतंय, नि भायर येवन सांगतंय, रिकामी आसा. सगळ्यो रिकाम्योच आसतत गो."

त्यानंतर टाक्यांवरच्या डेकवरून चालताना माझी पावलं नकळत हलकी पडायला लागली. हसाल, पण खरं सांगते.

दुसरी त्यांची पद्धत म्हणजे खिळ्यांची फळी. कंपनीचा नियम असा, की टाकीत उतरणाऱ्याने आपलं नंबरचं टोकन बाहेरच्या बोर्डावर लावायचं, बाहेर आल्यावर काढून घ्यायचं. मामांचा टोकनावर काडीचा विश्वास नव्हता. टाकीच्या तोंडाशी ते स्वतःची एक फळी ठेवत, तिला खिळे. आत जाणाऱ्याने स्वतःची वस्तू खिळ्याला अडकवायची. घड्याळ, टोपी, ताईत, रुमाल, काहीही, पण स्वतःचं. बाहेर येताना माणूस टोकन विसरेल, दुसऱ्याचं उचलेल, पण आपलं घड्याळ सोडून जेवायला जाईल का? वेल्डर असो, रंगारी असो, तपासायला आलेला साहेब असो, मामा सगळ्यांना सारखंच विचारायचे, "वस्तू?" आमचे प्रोजेक्ट मॅनेजर करंदीकर, पुण्याचे, त्यांनासुद्धा एकदा टाय काढून अडकवायला लावला होता. करंदीकर ते विसरले नव्हते.

एका शुक्रवारी मी मामांना घरी जेवायला बोलावलं. शारजाला, अल नहदात राहायचो आम्ही, आठव्या मजल्यावर. टॉवर इतके नवे की लिफ्टला अजून प्लायवूड ठोकलेलं. मामा लिफ्टमधून बाहेर आले आणि दार बंद व्हायच्या आत मागे वळून म्हणाले, "कोण रवला नाय मा?"

माझा मुलगा सात वर्षांचा. तो आत डोकावला आणि म्हणाला, "देअर्स नोबडी, अंकल."

"बरा," मामा म्हणाले. मग जेवले पोटभर. सुरमईची आमटी दोनदा घेतली, माझ्या नवऱ्याला जाळी कशी विणतात ते सोफ्याच्या पॅकिंगच्या दोरीवर करून दाखवलं. निघताना मात्र दाराशी घुटमळले. चपला मोजत होते. माणसं चार, जोड पाच.

"मामा, तो माझाच आहे दुसरा," मी म्हटलं.

"तुझोच ना? नक्की?" त्यांच्या तोंडावर इतकी काळजी होती, की मी तो जोड पायांत घालून दाखवला. तेव्हा कुठे ते गेले. मुलाने विचारलं, "आई, इज ही स्केअर्ड ऑफ समथिंग?" मी म्हटलं, झोप आता.

बोट न्यायचा दिवस उजाडला. दुपारी तीनच्या भरतीला टगबोट तिला ओढून खोल पाण्यात नेणार होती, आणि तिथून मोठ्या जहाजावर चढवून परदेशी. तेवीस टाक्या बंद झालेल्या. राहिली होती चौदा नंबरची. ती नेमकी कॉरिडॉर बोटीला मिळतो तिथे, खालच्या अरुंद बोळात. त्याच बोळात गालिचेवाल्यांची माणसं शेवटच्या कडा ठोकत होती. ती आमची नव्हेत, बाहेरच्या ठेकेदाराची. सकाळी अकराच्या सुमाराला कामगारांचे पास तपासणारे सरकारी लोक आले. बोटीवर पळापळ झाली, नेहमीचीच, आणि ते कागद बघून निघून गेले. मी वर ऑफिसात टाकीबंदीचे कागद लावत बसले होते. प्रत्येक टाकीला एक कागद, त्यावर मामांची सही. चोवीस सह्या झाल्या की बोट तपासणारा सर्व्हेअर ती सोडणार, त्याशिवाय नाही.

चौदा नंबरचा कागद मामांनी स्वतः आणून दिला, पावणेबाराला. सही केलेली. रेघेबाहेर गेलेली. चेहरा पांढराफटक.

"काय झालं मामा? बरं नाही का?"

"आज लय जवळ होतो गो," ते म्हणाले. "माझ्या कानाकडे. श्वास. मी भियालंय. ह्या वयात, भियालंय आणि पळान भायर इलंय. म्हटला, रिकामी आसा, लावा झाकण."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, कानाचंच आहे ते मामा, डॉक्टरांनी सांगितलंय ना. शेवटची टाकी होती, आता सुटलात. माझीच जीभ झडावी.

एक वाजून गेला असेल. जेवणाच्या सुट्टीत मामा आपली फळी आणायला म्हणून खाली बोळात गेले. आणि फळीच्या शेवटच्या खिळ्याला, काळ्या दोऱ्यात ओवलेली एक छोटी पितळी किल्ली लटकत होती. ट्रंकेला असते तशी.

झाकण लावण्याआधी फळी बघायची, हा त्यांचा स्वतःचा नियम. त्या दिवशी घाबरून पळताना त्यांनी ती बघितली नव्हती.

मामा ती किल्ली मुठीत धरून सगळ्या बोटीवर फिरले. "ही कोणाची?" वेल्डरांना विचारलं, रंगाऱ्यांना विचारलं. आमची अकरा माणसं आत गेली होती, अकरा बाहेर होती, टोकनं जागच्या जागी. गालिचेवाल्यांच्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, माझी माणसं तीन, तिन्ही इथे आहेत, मोजून घ्या. पण हे बोलताना तो मामांकडे बघत नव्हता. नंतर सगळ्यांनी तेच सांगितलं, की तो बघत नव्हता.

मी धावत खाली गेले तेव्हा बोळात गर्दी झाली होती. करंदीकर घड्याळ बघत होते.

"कुबल, तुमचा काउंट टॅली आहे की नाही?"

"आसा."

"टोकन्स?"

"आसत."

"आतून आवाज येतोय?"

मामांनी हात वर केला. सगळी यंत्रं बंद केली. मामा झाकणावर आडवे झाले, कान लावला.  बोटीच्या बुडाला पाणी लागल्याचा बारीक चपचप आवाज, बस. मामांनी नटाच्या पान्याने तीनदा ठोकलं. आतून काहीच नाही.

"काय?" करंदीकर म्हणाले.

"काय नाय."

"मग? एका किल्लीसाठी मी भरती घालवू? कोणीतरी विसरलं असेल हो. नट उघडले की सील पुन्हा, टेस्ट पुन्हा, सर्व्हेअर पुन्हा. आज टग गेली तर उद्याशिवाय नाही. आणि तुम्हीच सही केलीत ना, की टाकी रिकामी आहे? आता तुमचंच म्हणणं तुम्हाला पटत नाही? हे कानाचं तुमचं सगळ्या यार्डाला माहिती आहे कुबल. यल्ला, चला, कामाला लागा."

कोणी हललं नाही. मामा उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कागदांची फाईल माझ्या छातीशी होती.

"बाय, माझी सही परत दी."

"मॅडम, ती फाईल ऑफिशियल आहे," करंदीकर म्हणाले. "द्यायची नाही."

काय सांगू, मी काही शूर बाई नाही. माझा व्हिसा त्याच कंपनीचा, घरभाडं डोक्यावर, नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत. आणि मामांना मीच म्हटलं होतं, कानाचं आहे. तेच आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फाईल उघडली, चौदा नंबरचा कागद काढला आणि मामांना दिला. त्यांनी तो चार तुकडे करून खिशात घातला. सही नाही म्हणजे बोट सुटणार नाही. करंदीकरांनी माझ्याकडे असं बघितलं की बास.

नट उघडायला तीन माणसं लागली. झाकण सरकलं आणि आतून थंडगार, शिळी हवा आली. त्या उन्हाळ्यात ती अंगाला बरी वाटावी इतकी गार. मामांनी पंखा लावायला सांगितला, आत हवा सोडली, दोरी कमरेला बांधली आणि स्वतः उतरले. मिनिटभराने खालून ओरडले, "ओढा! दोघांक ओढा!"

नरसय्या त्याचं नाव. करीमनगरकडचा, तिशीचा. आधीच्या मालकाकडून पळून आलेला, ना पास ना कागद. गालिचेवाला त्याला रोज गाडीत लपवून आणायचा. पास तपासणारे आल्यावर 'कहीं छुप जा' म्हणून त्याला त्या टाकीत ढकललं होतं. तो आतल्या लोखंडी फासळ्यांच्या आड दडून बसला, आणि नंतर त्याला बाहेर काढायच्या आधी झाकण लागलं. मग सुपरवायझरची बोलायची छाती झाली नाही. बोलला असता तर स्वतः तुरुंगात गेला असता. एका माणसाचा जीव जाणार, हे माहीत असून तो तासभर गालिच्याला खिळे ठोकत राहिला. अजून तो आठवला की माझ्या अंगाची लाही होते.

आणि हा नरसय्या, जो कुठल्या यादीत नव्हता, ज्याचा काउंट नव्हता, टोकन नव्हतं, त्याने जिवाच्या आकांताने लपायला शिरतानाही गळ्यातली किल्ली काढून खिळ्याला अडकवली होती. रोज बघायचा ना, जो आत जातो तो वस्तू लावतो.

तो डेकवर पडला होता, ओठ निळे, पण शुद्धीवर. तोंडावर पाणी मारलं, ऑक्सिजन लावला. करंदीकर स्वतः त्याचं डोकं धरून बसले होते, तेवढं श्रेय त्यांना देते. मामांनी किल्ली त्याच्या गळ्यात घातली आणि विचारलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, "मैं अंदर बैठा था, तब तू बोला क्यूं नहीं रे? झाकण लगाया, तब ठोका क्यूं नहीं?"

नरसय्याने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. त्याला प्रश्नच कळला नसावा असा.

"आप दो जने आए थे ना साब," तो म्हणाला. "आप उठके चले गए. दूसरा बैठा रहा. मैं सोचा पासवाला है, इसलिए चुप. फिर ढक्कन लगा, तो मैं सोचा, इनका आदमी अंदर है, अभी खोलेंगे. मेरे को बहुत नींद आ रही थी साब. जब भी आंख लगती, वो मेरा पैर पकड़के हिलाता था."

कोणीतरी घाईघाईने दोरी घेऊन पुन्हा आत उतरलं, दिवा फिरवून आलं. आत कोणी नव्हतं. करंदीकर म्हणाले, हवा कमी पडली की भास होतात, मेडिकल फॅक्ट आहे. असेल बाबा. 

 संध्याकाळी मी बसची वाट बघत होते तेव्हा मामा शेजारी येऊन बसले आणि आपणहून सांगायला लागले. वीसेक वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका गोदीत, त्यांच्या वाडीतला बाबी त्यांच्यासोबत कामाला होता. मामांनीच आणलेला. जेवण झाल्यावर बाबी टाकीत गारव्याला आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. त्याचं टोकन दुसऱ्याने आपल्यासोबत उचललं. मोजणी जुळली. नट मामांनी आवळले. बंद लोखंडात गंज हवा खातो, माणूस झोपेतच जातो. तीन दिवसांनी उघडलं.

"तेच्या आवशीक मी सांगलंय, काळजी करू नको, मी परत हाडतलंय," मामा म्हणाले. परत आणीन, हा बाबीच्या आईला दिलेला शब्द. "माका वाटायचा, तो माका भेवडवता. वीस वर्सा. प्रत्येक टाकयेत. तो भेवडवी नव्हतो गो. तो बघी होतो, कोण निजलो तर नाय मा." आणि मग तो कडक म्हातारा पंच्यात तोंड घालून रडला. मी पाठीवर हात ठेवून बसले. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बोट जायची होती. मामांचं त्या यार्डातलं काम संपल्याचं करंदीकरांनी सांगितलं होतं. कारण काय तर वय झालं. आरडाओरडा नाही, बदनामी नाही, तिकीट काढून घरी. पण चौदा नंबरला सही लागतच होती, म्हणून शेवटचं झाकण मामांनीच लावलं. कागद घेऊन मी बोळात उभी होते. या वेळी ते आत उतरले नाहीत. भोकापाशी गुडघे टेकले, आत वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबी, चल रे. घराक जावया."

मग उठले आणि बाजूला झाले. बोळ अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. समोरून कोणी येताना आपण भिंतीला पाठ लावतो ना, तसे ते पाठ लावून उभे राहिले. मला काय वाटलं कोण जाणे, मीही सरले. झाकण लागलं, नट आवळले गेले, मामांनी माझ्या हातातल्या कागदावर सही केली. या वेळी ती रेघेवर सरळ आली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कंपनीच्या बसमध्ये. सामान घेऊन कॅम्पवरून विमानतळाकडे निघाले होते. बस खच्चून भरलेली, आणि मामा पॅसेजच्या बाजूला बसलेले, खिडकीची जागा रिकामी ठेवून. एक पेंटर चढला, ती जागा बघून आत सरकायला लागला. मामांनी गुडघे आडवे घातले आणि मान हलवली. पेंटरने रिकाम्या जागेकडे बघितलं, मग मामांकडे बघितलं, आणि मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला. बस निघाली.